हृदयातला पंप आणि रक्ताची गुठळी

पंप कशाकशाने बिघडतो हे आपल्या मंडळात कोणाला वेगळे सांगायला नको. निम्मे सभासद कारखान्यातले. बेअरिंग जाते, सील गळते, सक्शनला हवा शिरते, इंपेलरमध्ये काहीतरी अडकते. लॉगबुकात याच चार ओळी आलटून पालटून लिहिण्यात आपल्यापैकी अनेकांची उमेद गेली. पण जगात एक पंप असा आहे की ज्यातून वाहणारा द्रवच त्याच्यावर टपून बसलेला असतो. तो जरा रेंगाळला, जरा तापला, परक्या धातूला घासून गेला की घट्ट होतो. तो द्रव म्हणजे माणसाचे रक्त, आणि तो पंप म्हणजे निकामी होत चाललेल्या हृदयाला मदत म्हणून छातीत बसवलेले यंत्र. हा पंप बंद ठेवून दुरुस्त करता येत नाही, त्याला 'स्टँडबाय' नसतो आणि शटडाऊन घेण्याची तर सोयच नाही.

या पंपाचा इतिहास सहसा मोठमोठ्या सर्जनांच्या शौर्यकथांच्या रूपात सांगितला जातो. मला मात्र तो वाचताना सारखे वाटत राहिले की ही गोष्ट खरी आहे ती गुठळीची. सर्जन बदलले, देश बदलले, पंपाचे आकार बदलले. गुठळी मात्र प्रत्येक प्रकरणात हजर.

आधी थोडे रक्ताविषयी. बोट कापले की काही मिनिटांत रक्त साकळते हा निसर्गाचा आपल्यावरचा मोठा उपकार. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेवर धावतात, एकमेकींना चिकटतात, आणि मग फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाऊन त्यात तांबड्या पेशी अडकतात. तीच गुठळी. पण रक्तवाहिनीच्या आत, जिथे जखम नाही तिथे, ती का व्हावी? जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ च्या सुमारास या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या नावाने आज तीन कारणे सांगितली जातात: प्रवाह मंदावणे, वाहिनीचे अस्तर बिघडणे आणि रक्ताच्याच गुणधर्मात फरक पडणे. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हे त्रिकूट पाठच असते. आता गंमत पाहा, छातीत पंप बसवला की ही तिन्ही कारणे एकदम आणि कायमची हजर होतात. कोपऱ्यात प्रवाह थबकतो, अस्तराच्या जागी धातू येतो, आणि फिरणाऱ्या पात्यांच्या माऱ्याने रक्तही बदलते.

योगायोग असा की यंत्राने हृदयाचे काम करण्याची कल्पनाच मुळी एका गुठळीतून निघाली. १९३० च्या सुमारास बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका स्त्रीच्या फुप्फुसाच्या रोहिणीत मोठी गुठळी अडकली. जॉन गिबन हे तरुण डॉक्टर रात्रभर तिच्या उशाशी बसून नाडी आणि रक्तदाब टिपत होते. सकाळी शस्त्रक्रिया झाली, ती वाचली नाही. निळे पडत चाललेले रक्त बाहेर काढून, त्याला प्राणवायू देऊन परत शरीरात सोडता आले असते तर, हा विचार गिबन यांच्या डोक्यातून पुढे वीस वर्षे गेला नाही. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्यांनी हार्ट-लंग मशीनच्या आधाराने अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील भोक बुजवले. तिचे हृदय आणि फुप्फुस सव्वीस मिनिटे पूर्णपणे यंत्राच्या भरवशावर होते. आणि त्याही दिवशी रक्त साकळू नये म्हणून दिलेले हेपॅरिन कमी पडल्याने यंत्राच्या जाळीवर फायब्रिनचे धागे दिसू लागले होते! मुलगी वाचली, पण गुठळीने पहिल्याच यशस्वी प्रयोगाला हजेरी लावली ती अशी.

हेपॅरिनही असेच नकळत हाती लागलेले. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त लवकर गोठवणारे द्रव्य शोधत होता. यकृताच्या अर्कात त्याला सापडले ते नेमके उलटे. ग्रीक भाषेत यकृताला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव हेपॅरिन पडले. १९३० च्या दशकात टोरांटोत ते माणसाला टोचता येईल इतके शुद्ध झाले. हेपॅरिन नसते तर गिबन यांचे यंत्र काही मिनिटांत चिकटून बसले असते.

पण हेपॅरिन टोचावे लागते. वर्षानुवर्षे पोटात घेता येईल असे औषध मिळाले ते गोठ्यातून. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटात आणि शेजारच्या कॅनडात गाईगुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली, खच्ची केले, एवढ्याशा जखमेनेही जनावर रक्त वाहून मरायचे. पशुवैद्यांनी शोध घेतला तेव्हा कळले की 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा ओला राहून बुरसला की हे होते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात येऊन थडकला. तिथे त्याची गाठ पडली कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाशी. लिंक यांच्या चमूने सहा वर्षे खपून त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे केले. पुढे त्याच कुळातले एक अधिक प्रभावी रसायन १९४८ मध्ये बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून! संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवले वॉरफरिन. १९५४ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झाले आणि १९५५ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर देण्यात आले. 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून आपल्याकडे घराघरांत जी घेतली जाते ती हीच, किंवा तिची सख्खी बहीण ॲसिट्रॉम. (रक्त खरे म्हणजे पातळ होत नाही, ते उशिरा गोठते. पण शब्द रुळला आहे, तो काही आता बदलणार नाही.)

आता पंपाकडे वळू. नेदरलँड्समध्ये महायुद्धाच्या काळात डायलिसिसचे यंत्र बनवणारे विलेम कोल्फ पुढे अमेरिकेत गेले. १९५७ मध्ये त्यांनी आणि तेत्सुझो अकुत्सु यांनी एका कुत्र्याला कृत्रिम हृदयावर सुमारे दीड तास जगवले. १९६६ मध्ये ह्यूस्टनला मायकेल डीबेकी यांनी शस्त्रक्रियेनंतर हृदय सावरत नसलेल्या एका स्त्रीला शरीराबाहेर ठेवलेला साहाय्यक पंप जोडला, दहा दिवसांनी काढला आणि ती बरी होऊन घरी गेली. १९६९ मध्ये त्याच शहरात डेंटन कूली यांनी एका रुग्णाला पूर्ण कृत्रिम हृदयावर ६४ तास ठेवून मग हृदयरोपण केले. रुग्ण फार जगला नाही, आणि डीबेकी-कूली यांचे वैर मात्र पुढे जवळजवळ चाळीस वर्षे टिकले. तो काळच तसा होता. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनला पहिले हृदयरोपण झाले आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून पाहिले. त्यांचा रुग्ण वाचला नाही, पण परळच्या त्या इमारतीत तेव्हा जगाच्या बरोबरीने काम चालले होते हे आपल्याला माहीत असायला हवे.

या साऱ्या प्रयोगांत मुदत होती तासांची किंवा दिवसांची. गुठळीला तेवढा वेळ पुरत नाही. तिचे खरे रूप दिसले ते यंत्र कायमचे बसवायला घेतले तेव्हा. २ डिसेंबर १९८२ रोजी युटा विद्यापीठात विल्यम डीव्हरीस यांनी बार्नी क्लार्क या ६१ वर्षांच्या दंतवैद्याला 'जार्विक-७' हे कृत्रिम हृदय बसवले. छातीतून निघालेल्या दोन नळ्या खाटेशेजारच्या कपाटाएवढ्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या. साऱ्या जगाचे पत्रकार रुग्णालयाच्या कँटीनमध्ये तळ ठोकून. क्लार्क ११२ दिवस जगले. त्यात फिट्स आल्या, एक झडप तुटली, नाकातून रक्त वाहिले.

दुसरे रुग्ण विल्यम श्रोडर. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे त्यांना तेच यंत्र बसवले. पहिले काही दिवस इतके चांगले गेले की गृहस्थांनी बिअर मागितली. १२ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा फोन आला, तर यांनी आपला सोशल सिक्युरिटीचा चेक अडकल्याची तक्रार थेट त्यांच्याकडेच केली. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही हा माणूस आपलाच वाटावा! दुसऱ्याच दिवशी चेक हातात पडला आणि त्याच दिवशी श्रोडर यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढेही झटके येत राहिले. यंत्र मात्र ठणठणीत. ते ६२० दिवस धडधडत राहिले, माणूस त्यातून हळूहळू निघून गेला. ६ ऑगस्ट १९८६ रोजी ते वारले. श्रोडर यांच्याविषयी वाचताना अंगावर काटा येतो तो एवढ्यासाठी की इथे पंप फेल झालाच नव्हता. लॉगबुकात 'रनिंग सॅटिसफॅक्टरी' असेच लिहिले गेले असते.

कारण काय? झडपा आणि यंत्राचे कप्पे जिथे जोडले होते तिथल्या बारीक खाचांमध्ये रक्त रेंगाळायचे. तिथे गुठळी धरायची, तुकडा सुटायचा आणि थेट मेंदूकडे जायचा. जॉइंटची खाच म्हणजे घाण साठायची जागा हे आपल्याकडे शिकाऊ फिटरलाही ठाऊक असते, पण रक्ताच्या दृष्टीने खाच किती बारीक म्हणजे 'खाच' हे तेव्हा कळायचे होते. जार्विक-७ पुढे काही काळ हृदयरोपण होईपर्यंतचा तात्पुरता आधार म्हणून वापरले गेले. १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याची परवानगी काढून घेतली.

यानंतर विचाराची दिशा बदलली. पूर्ण हृदय काढण्याऐवजी ते जागीच ठेवून फक्त डाव्या जवनिकेला हातभार लावणारा पंप बसवावा. जवनिकेच्या टोकातून रक्त घ्यायचे आणि महारोहिणीत सोडायचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'एलव्हॅड' म्हणतात. त्यातल्या 'हार्टमेट' या पंपात एक मोठी चतुर युक्ती होती. तोवर सगळे आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करण्याच्या मागे होते. या मंडळींनी तो मुद्दाम खरबरीत केला! टायटॅनियमचे सूक्ष्म गोळे चिकटवून तयार केलेल्या त्या पृष्ठभागावर रक्ताचा एक पातळ थर बसतो, घट्ट धरून राहतो आणि पुढे तोच अस्तराचे काम करतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसून तोच खालच्या धातूला सांभाळतो, तसे काहीसे. गुठळी टाळता येत नाही ना, मग तिला पातळ करून भिंतीला चिकटवून टाका. या पंपाच्या बहुतेक रुग्णांना वॉरफरिनही लागत नसे, ॲस्पिरिनवर भागे.

२००१ मध्ये 'रीमॅच' या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयरोपण शक्य नसलेले, अखेरच्या अवस्थेतले १२९ रुग्ण. काहींना पंप, काहींना फक्त औषधे. वर्षभराने पंपवाल्यांपैकी ५२ टक्के हयात होते, औषधवाल्यांपैकी २५ टक्के. दोन वर्षांनी मात्र आकडे २३ आणि ८ वर आले. पंप किलोभराहून जड, त्यात पडदा आणि झडपा; दीड-दोन वर्षांत ते झिजायचे. पोटातून बाहेर येणाऱ्या जाड केबलच्या वाटेने जंतुसंसर्ग व्हायचा. गुठळीवर तोडगा मिळाला होता, पण यंत्र टिकत नव्हते.

टिकाऊपणाचे उत्तर आले एका विहिरीच्या काठावरून म्हणा ना! रिचर्ड वॉम्पलर हे डॉक्टर-इंजिनियर १९७६ मध्ये इजिप्तमध्ये असताना त्यांनी शेतकऱ्यांना आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी उपसताना पाहिले. ना झडप, ना पिस्टन. नळीत फिरणारा एक पेच. त्यावरून त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीचा 'हेमोपंप' बनवला आणि १९८८ मध्ये ह्यूस्टनला ओ. एच. फ्रेझियर यांनी तो रुग्णात वापरला. मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांनी रक्ताचे पीठ होईल असे जाणकार सांगत होते. तसे झाले नाही. पेशी पात्यांतून इतक्या झटकन निघून जातात की फुटायला त्यांना पुरेसा वेळच मिळत नाही.

याच सुमारास नासाचे डेव्हिड सॉसियर हे इंजिनियर डीबेकी यांच्याकडे रुग्ण म्हणून आले. १९८४ मध्ये त्यांचे हृदयरोपण झाले आणि बरे झाल्यावर ते सहकाऱ्यांना घेऊन पंपाच्या कामाला लागले. सुरुवातीच्या नमुन्यांत रक्तपेशी फुटत होत्या आणि बेअरिंगपाशी गुठळ्या धरत होत्या. तेव्हा नासाच्याच तज्ज्ञांनी अंतराळयानाच्या इंजिनातील इंधनपंपाचा प्रवाह तपासण्यासाठी केलेली संगणक-पद्धत या बोटभर पंपाला लावली. प्रवाह कुठे थबकतो हे पडद्यावर दिसले आणि पात्यांचा आकार बदलण्यात आला. १९९८ मध्ये तो पंप युरोपात पहिल्यांदा माणसात बसला.

या पिढीतला सगळ्यात यशस्वी पंप म्हणजे 'हार्टमेट-२'. वजन तीनशे ग्रॅमच्या आत, मिनिटाला आठ ते दहा हजार फेऱ्या, फिरणारा भाग एकच. रुग्ण कमरेला बॅटऱ्या लावून फिरायला लागले, कामावर जायला लागले. प्रवाह सलग असल्याने अनेकांची नाडीच हाताला लागत नसे. नवख्या नर्सची त्रेधा उडायची. २००८ मध्ये तात्पुरता आधार म्हणून आणि २०१० मध्ये कायमचा उपाय म्हणून त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना २०१० मध्ये हाच पंप बसवला होता. दोन वर्षांनी हृदयरोपण होईपर्यंत ते त्यावर जगले.

या पंपात रोटर दोन टोकांना माणकाच्या बेअरिंगवर फिरतो आणि त्या बेअरिंगला ग्रीस नाही, तेल नाही. वाहते रक्त हेच वंगण आणि तेच कूलंट. हे वाक्य वाचल्यावर आपल्यातल्या कोणत्याही मेंटेनन्सवाल्याच्या कपाळावर आठी पडेल. बेअरिंग म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता, आणि रक्तातली प्रथिने तापवली की काय होते ते अंड्याचे ऑम्लेट करताना रोज दिसते. तरीही चाचण्यांमध्ये या पंपात गुठळी होण्याचे प्रमाण कमीच होते. मग हजारो रुग्णांना तो बसला, आणि २०११ च्या सुमारास काही डॉक्टरांना शंका येऊ लागली.

लक्षणे ठरलेली. सकाळची लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, कारण गुठळीच्या अडथळ्यातून जाताना तांबड्या पेशी फुटतात. कंट्रोलरवर पंप घेत असलेल्या वीजेचा आकडा चढतो. जाम होत आलेली मोटर जास्त करंट ओढते, हे आपण जाणतोच. रक्ताच्या तपासणीत एलडीएच नावाचा आकडा वाढतो. क्लीव्हलँड क्लिनिक आणि आणखी दोन मोठ्या केंद्रांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या. ८३७ रुग्ण, ८९५ पंप. जानेवारी २०१४ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष छापून आले. पंप बसवल्यापासून तीन महिन्यांच्या आत खात्रीशीर गुठळी होण्याचे प्रमाण मार्च २०११ पूर्वी २.२ टक्के होते, ते जानेवारी २०१३ पर्यंत ८.४ टक्क्यांवर गेले होते. पूर्वी गुठळी व्हायला साधारण दीड वर्ष लागे, आता पावणेतीन महिन्यांत होऊ लागली होती. आणि गुठळी झाल्यावर ज्यांचा पंप बदलला नाही किंवा हृदयरोपण झाले नाही, त्यांच्यातले जवळजवळ निम्मे सहा महिन्यांत दगावले.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की ज्या केंद्रांनी हे पंप शेकड्यांनी बसवले होते त्यांनीच, आपल्याच रुग्णांचे आकडे आपल्याच हाताने जगापुढे ठेवले. तीन ठिकाणची रजिस्टरे एकत्र करून पाहिली नसती तर प्रत्येकाला आपल्याकडची एखाद-दुसरी घटना दुर्दैव म्हणून सोडून देता आली असती.

असे अचानक का झाले? पंप तोच होता. एकच एक कारण शेवटपर्यंत हाती लागले नाही, पण संशयाची सुई वळली ती आपल्याच सुधारणांकडे. त्याचे असे झाले की सलग प्रवाहाच्या या पंपांमुळे रुग्णांच्या आतड्यातून रक्तस्राव होण्याचे प्रमाण फार होते. रक्तात फॉन विलेब्रांड नावाचे एक लांबलचक प्रथिन असते, बिंबिकांना जखमेशी बांधणाऱ्या दोरीसारखे. पंपाच्या वेगाने त्या दोऱ्यांचे तुकडे होतात. म्हणजे पंपाच्या आत रक्त साकळते आणि पंपाबाहेर साकळायला हवे तिथे साकळत नाही, असा दुहेरी पेच. रक्तस्राव नको म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करण्याच्या औषधांची मात्रा कमी केली, शस्त्रक्रियेनंतर लगेच देण्याचे हेपॅरिन अनेक ठिकाणी बंद केले. महारोहिणीची झडप अधूनमधून उघडावी म्हणून पंपाचा वेग उतरवला. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच होता. सगळे मिळून मात्र फिर्खो यांच्या त्रिकुटाला आवतण दिल्यासारखे झाले. पुढे 'प्रिव्हेंट' या अभ्यासात पंप नेमका कोणत्या कोनात बसवायचा, वेग किती ठेवायचा, हेपॅरिन केव्हा सुरू करायचे याची शिस्त घालून दिली, तेव्हा तीन महिन्यांचे प्रमाण २.९ टक्क्यांवर आले.

दरम्यान 'एचव्हॅड' हा आणखी छोटा पंप आला. त्याचा रोटर चुंबकाच्या आणि रक्ताच्याच पातळ थराच्या आधारावर तरंगायचा, त्यामुळे बेअरिंगचा प्रश्न मिटला असे वाटले. पण २०१७ मध्ये आलेल्या तुलनेत त्याच्या २९.७ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला होता, हार्टमेट-२ च्या १२.१ टक्के. रक्तदाब काटेकोर सांभाळला तर धोका कमी होतो असे दिसले, तरी फरक पुरता भरून निघाला नाही. शिवाय काही पंप एकदा थांबले की पुन्हा सुरूच होईनात. जून २०२१ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. ज्यांच्या छातीत तो आधीच चालू होता त्यांनी ती बातमी कशी वाचली असेल, कोण जाणे.

मग 'हार्टमेट-३'. यात रोटर पूर्णपणे चुंबकांवर अधांतरी. कुठेही टेकत नाही. पाती आणि भिंत यांच्यामधली फट मुद्दाम मोठी ठेवलेली, म्हणजे पेशींना जायला ऐसपैस वाट. आणि दर दोन सेकंदांनी पंप आपला वेग क्षणभर कमी-जास्त करतो, म्हणजे कोपऱ्यात साचलेले रक्त धुऊन निघते. 'मोमेंटम-३' या चाचणीत १०२८ रुग्णांवर दोन वर्षे तुलना झाली. गुठळीचा संशय हार्टमेट-२ मध्ये १३.९ टक्के रुग्णांत, हार्टमेट-३ मध्ये १.४ टक्के. पक्षाघाताचे प्रमाणही १९.४ वरून ९.९ टक्क्यांवर आले. या चाचणीचे नेतृत्व करणाऱ्यांत अग्रभागी असलेले बोस्टनचे डॉ. मनदीप मेहरा यांचे वैद्यकीय शिक्षण आपल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात झालेले आहे. वर्ध्याकडच्या मंडळींनी एवढ्यापुरती कॉलर ताठ करायला हरकत नाही.

पंप इतका सुधारल्यावर जुना प्रश्न उलट बाजूने विचारता आला: आता वॉरफरिनबरोबर ॲस्पिरिनची गरज उरली आहे का? पंप बसवला की ॲस्पिरिन द्यायचेच, ही पद्धत रुळून गेली होती. ९ देशांतल्या ६२८ रुग्णांवर केलेल्या 'एरिस' चाचणीत निम्म्यांना ॲस्पिरिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच नुसती गोळी दिली. २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल आला. ॲस्पिरिन बंद केल्याने गुठळ्या वाढल्या नाहीत आणि रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला.

तरी काम संपलेले नाही. २०२४ मध्ये याच हार्टमेट-३ बाबत धोक्याची सूचना काढावी लागली. पंपातून महारोहिणीकडे जाणाऱ्या नळीच्या बाहेरून, तिच्यावरच्या संरक्षक आवरणाच्या आत, शरीरातला गाळ वर्षानुवर्षे साठतो आणि नळी बाहेरून दाबली जाते. आत सगळे स्वच्छ केले तर अडथळा बाहेरून आला. पाइपलाइनवाल्यांना हा प्रकार नवीन नाही.

आपल्या देशात हे पंप काही मोजक्या मोठ्या रुग्णालयांत बसवले जातात आणि खर्च सर्वसामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण गुठळीशी लढाई आपल्याकडेही जुनीच आहे, ती झडपेच्या निमित्ताने. लहानपणीच्या सांधेज्वराने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे लाखांनी होते आणि परदेशी कृत्रिम झडप परवडत नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने वर्षानुवर्षे खपून झडप बनवली. पहिले तीन नमुने कसोटीला उतरले नाहीत. चौथ्यात कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि पॉलिएथिलीनची चकती वापरली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि त्यानंतर लाखाहून अधिक लोकांच्या हृदयात बसली. २०२४ मध्ये वलियाथन निवर्तले.

अशी झडप बसवलेले लोक आपल्या ओळखीत असतातच, कदाचित आपल्या घरातही. त्यांना दर महिन्याची पीटी-आयएनआरची चकरा-तपासणी चुकत नाही आणि हिरव्या पालेभाज्यांचा हिशेबही चुकत नाही, कारण पालेभाजीतले के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, माठ, लाल भोपळ्याची पाने असे सगळेच एकदम पडते, तेव्हा अशा माणसाला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढू नये. भाजी वर्ज्य नाही. रोज जेवढी खातो तेवढीच खावी, एकदम दुप्पट नको, असे डॉक्टर सांगतात. आणि सणाच्या गडबडीत डोकेदुखीवर कोणी परस्पर ॲस्पिरिन हातावर ठेवली तर ती घेऊ नये.

देशी पंपाचेही काम आता सुरू झाले आहे. कानपूरच्या आयआयटीने 'हृदयंत्र' नावाचा उपक्रम हाती घेतला असून हृदयरोगतज्ज्ञ आणि इंजिनियर एकत्र बसून परवडेल असा पंप तयार करण्याच्या खटपटीत आहेत. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न बॅटरीचा किंवा मोटरचा नाही. फटीत रक्त थबकते कुठे, हाच आहे.